62 च्या युद्धात लोकसभा चालू होती का? आणि कोकणचे खासदार कोण होते तेव्हा?

दाभोळखाडी:
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात 1962 च्या चीन युद्धावर कार्यक्रम आहे, सैनिकांवर बोलणारे दुसरे आहेत, माझ्याकडे संसद आलीय. एकजण ठामपणे सांगतोय की एमर्जन्सी लागली म्हणजे संसद बंदच असणार आणि नेहरू एकटेच सगळं ठरवत होते, मला काही ते पटत नाही. अध्यक्ष कोण, विरोधी पक्षनेता कोण आणि मुख्य म्हणजे आपल्या रत्नागिरी-राजापूरचे खासदार कोण? गोव्याचं कोणी होतं का तिथे?

तळकोकणी:
बंद कुठली, उलट अधिवेशन अलीकडे ओढलं. चीनने हल्ला केला 20 ऑक्टोबरला, आणीबाणी 26 ला, आणि 19 नोव्हेंबरला भरायचं अधिवेशन 8 लाच भरलं कारण वाजपेयींसारखे विरोधक मागे लागले होते (ते तेव्हा राज्यसभेत). आठवडाभर चर्चा चालली आणि 14 तारखेला सगळ्या सदस्यांनी उभं राहून ठराव मंजूर केला. लढाई चालू असताना हे झालंय, युद्धबंदी 21 ला. अध्यक्ष सरदार हुकम सिंग, उपाध्यक्ष कृष्णमूर्ती राव. राज्यसभेत सभापती झाकीर हुसेन आणि उपसभापती व्हायोलेट अल्वा.
राजापूरचे अर्थात आपले बॅरिस्टर नाथ पै, जन्म वेंगुर्ल्याचा, प्रजासमाजवादी, 57, 62, 67 तिन्ही वेळा निवडून आले. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 चा, तेव्हा सगळा रत्नागिरी जिल्हाच.

संगमेश्वरी:
आणि रत्नागिरीच्या शारदा मुखर्जी! त्यांचं नाव कोणी घेतच नाही याचं मला फार वाईट वाटतं. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी 1960 मध्ये टोकियोत वारले, त्यांच्या पत्नी या. 62 ला काँग्रेसकडून निवडून आल्या, त्यामुळे चीन आणि 65 चं पाकिस्तान, दोन्ही युद्धांच्या वेळी त्या सभागृहात होत्या. जिचं अर्धं आयुष्य हवाई दलाच्या तळांवर गेलं अशी बाई रत्नागिरीची खासदार होती हे आपल्या पोरांना माहीत पाहिजे. आमच्या आजीने तेव्हा संरक्षण निधीला पाटल्या दिल्या, पावती अजून ट्रंकेत आहे, पण खासदार कोण विचारलं तर घरात एकालाही सांगता आलं नाही.

मांडवीतीर:
गोव्यातून दोघे, डॉ. पुंडलिक गायतोंडे आणि डॉ. कोलासो. राष्ट्रपतींनी नेमलेले, कारण गोव्यात निवडणूकच झाली नव्हती, ती झाली डिसेंबर 63 ला.

दाभोळखाडी:
खूप आभार सगळ्यांचे, नाथ पै माहीत होते, शारदाबाई अजिबात नाही. पण विरोधी पक्षनेता राहिला. आणि यशवंतराव तेव्हा मुख्यमंत्री होते ना, मग खासदार नसताना संरक्षणमंत्री कसे?

तळकोकणी:
अधिकृत विरोधी पक्षनेता नव्हताच. काँग्रेस 361, त्यानंतर सगळ्यात मोठे कम्युनिस्ट ते 29, आणि चीनच्या प्रश्नावर त्यांच्यातच दोन तट. खासदार नसलेला माणूस सहा महिने मंत्री राहू शकतो, यशवंतराव पुढे 63 ला नाशिकहून बिनविरोध आले.
कार्यक्रमात मात्र युद्ध सुरू झालं तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर नक्की बोल. ते उत्तर मुंबईचे खासदार, आपले कित्येक चाकरमानी तिथेच मत टाकून आले असतील. त्यांना विरोधकांनी नाही पाडलं, काँग्रेसच्याच खासदारांनी नेहरूंना सांगितलं की हा माणूस नको, आणि अधिवेशनाच्या आदल्या दिवशी ते मंत्रिमंडळातून गेले. एवढं बहुमत असताना स्वतःच्या पंतप्रधानाला असं तोंडावर सांगायला हिंमत लागते.

संगमेश्वरी:
हिंमत मान्य, पण मला वाटतं ते दोनतीन वर्षं आधी सांगायला हवं होतं, सैन्याकडे धड गरम कपडे नाहीत, बूट नाहीत हे युद्धात कळून काय उपयोग. विरोधकांनी अविश्वास ठराव मात्र युद्ध संपल्यावर आणला, ऑगस्ट 63, कृपलानींचा, लोकसभेतला पहिलाच. 62 विरुद्ध 347 ने पडला तरी नेहरूंना बसून सगळं ऐकावं लागलं. लोकसभेच्या चर्चा ऑनलाइन आहेत, 8 नोव्हेंबरपासून वाचायला घे, आणि कार्यक्रमाची तारीख टाक इथे, चिपळूणहून आम्ही चारपाच जण येऊ.