विषय: बफेलोचं स्टेडियम आणि आपला खिसा

मंडळी,

बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कचं ते धूड येता-जाता सगळेच बघतोय. बिल्सच्या, म्हणजे आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या, या नव्या स्टेडियमला न्यूयॉर्क राज्याने 60 कोटी डॉलर द्यायचे ठरवले, एरी काउंटीने (आपल्या जिल्हा प्रशासनाने) 25 कोटी. मालक अब्जाधीश, आणि आपल्याला गणपतीसाठी शाळेचं जिम मिळवताना नाकी नऊ! हॉलसाठी काउंटीकडे अर्ज करतोच आहोत, तर हे त्यांना ऐकवावं का? मडगावचे काका, तुम्ही बोला. तिकडे सगळी मैदानं सरकारीच, म्हणजे ही कटकट नसेल.

– उत्सव समितीतर्फे

*

अगो,

कटकट आहे, फक्त वेगळी. तुमच्याकडे निदान भांडायला एक मालक तरी आहे. शिवाय त्या करारात बजेटच्या वरचा खर्च क्लबच्या माथी मारलाय, तेही विसरू नकोस.

मी मडगावातल्या फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर राहतो. 1989 मध्ये ते झालं आणि त्याच वर्षी तिथे ऑस्ट्रेलिया-श्रीलंका वनडे झाली. पुढे 2014 च्या लुझोफोनिया (पोर्तुगीज भाषिक देशांच्या) स्पर्धांसाठी डागडुजी, 2017 च्या सतरा वर्षांखालच्या फुटबॉल विश्वचषकासाठी पुन्हा. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आमच्याकडे 2016 मध्ये व्हायच्या होत्या. तारखा पुढे ढकलता ढकलता 36व्या स्पर्धा गुजरातला गेल्या आणि आमच्या वाट्याला 37व्या आल्या, 2023 मध्ये. पाहुणे आले की घराला रंग, तशातली गत.

पैसा वाया गेला असं मी म्हणणार नाही. कोविडमध्ये आयएसएल या फुटबॉल लीगचे दोन अख्खे मोसम फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर निघाले. मैदानं तयार होती म्हणूनच ना? ताळगावच्या इनडोअर स्टेडियममध्ये तर 2022 साली मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. तो कुठला क्रीडाप्रकार, ते मला विचारू नकोस.

खरा खर्च फीत कापल्यावर सुरू होतो. आमचा पावसाळा चार महिन्यांचा. पत्रा गंजतो, पायऱ्यांवर शेवाळ धरतं, लाकडी कोर्ट फुगतं. बांधायला केंद्राचा निधी मिळतो, मोठेपणा मिळतो. गवत कापायला कोण येतो? नातवाला बॅडमिंटनला घेऊन एका सरकारी इनडोअरला गेलो (नाव नको, वॉचमन ओळखीचा आहे), तर गेटला कुलूप. चावी साहेबांकडे आणि साहेब पणजीला. तीनदा हेच झालं. नातू आता भात कापून झालेल्या शेतात गावच्या पोरांबरोबर फुटबॉल खेळतो. तिथे दोन बांबू पुरतात.

तेव्हा काउंटीला टोमणे मारू नकोस. ‘त्यांना दिले, आम्हाला का नाही’ म्हटलंस की ते बिल्सची बाजू मांडत बसतील आणि आपला हॉल राहील बाजूला. उलट लिही की हॉल वर्षातले किती दिवस उघडा राहील, चावी कोणाकडे असेल, हीटिंगचं बिल कोण भरेल. तिथल्या हिवाळ्यात तेच बिल तुमचा जीव खाईल.

– काका, फातोर्डा

*

काका,

अर्जात देखभाल खर्चाचा रकाना होता. आम्ही तिथे ‘लागू नाही’ लिहिलं होतं. शनिवारच्या आत बदलते. खजिनदारांनी मागच्या तीन वर्षांची जिमच्या भाड्याची बिलं आज रात्री पाठवावीत, प्लीज.