मदत हवी आहे: घरी छोटी लोहारभट्टी करतोय, कोळसा की गॅस? पट्टीचं टोक जळून जातंय

नमस्कार मंडळी, राहायला नाशिकला सिडकोत, रो हाऊसच्या मागे दहा बाय बाराची जागा आहे. मूळ गाव निफाडकडचं, आजोबा लोहारकाम करायचे, त्यांची भट्टी म्हणजे जमिनीत खड्डा, पुढे मातीची आडभिंत, तिच्यातून आलेली नळी आणि मागे चामड्याचा भाता, तो ओढायला आम्ही पोरं. आजोबा गेले, भाता उंदरांनी खाल्ला, ऐरण आणि दोन सांडश्या तेवढ्या माझ्याकडे आल्या. विचारायचं तेव्हा विचारलं नाही, आता इथे विचारतोय.

तर अंबडकडच्या भंगारवाल्याकडून ट्रकचा ब्रेक ड्रम आणला, खालून दीड इंची पाइप बसवला आणि हवेला बायकोचा जुना हेअर ड्रायर लावला (तिला अजून माहीत नाही). दगडी कोळसा घातला. ट्रकच्या पाट्याचा (स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा) तुकडा खुपसला तर पाच मिनिटांत टोकाला फुलबाजीसारख्या ठिणग्या, बाहेर काढला तर टोकच गायब, आणि दोन इंच वर लोखंड काळंच! शिवाय धूर एवढा की शेजारच्या काकू विचारायला आल्या, कचरा जाळताय का. करायचीत फक्त खुरपी आणि एखादा कोयता. गॅसच्या भट्टीकडे वळू का? सातपूरला एका कारखान्यात इंडक्शनवर लोखंड लाल करताना पाहिलं, धूर नाही की राख नाही, ते घरी जमेल?

प्रतिसाद १:
भाऊ, कोळशाला दोष देऊ नका, तुमचा ड्रायर जास्त वारा मारतोय. पाइपच्या तोंडाशी न जळलेला ऑक्सिजन भरपूर असतो, तिथे पोलाद गरम होत नाही, जळतं. ठिणग्या म्हणजे तेच. पट्टी वरून खाली खुपसायची नाही, आडवी ठेवायची, खाली चार बोटं धगधगते निखारे आणि वरही निखारे. पाइपला झडप लावा म्हणजे वारा कमीजास्त करता येईल. धुराचं म्हणाल तर ओला कोळसा कडेने रचायचा, तो हळूहळू भाजून कोक (धूर निघून गेलेला कोळसा) होतो, मग तोच मध्ये सारायचा, कच्चा कोळसा एकदम मध्ये टाकला की धूर होणारच. आणि अधूनमधून तळातून काचेसारखा चिकट गोळा काढत जा, तो हवेची वाट अडवतो.

लोणारी (लाकडाचा) कोळसा वापरून बघा, धूर जवळपास नाही, वाराही कमी लागतो, पण ठिणग्या उडतात आणि पोतं कधी संपलं कळत नाही.

प्रतिसाद २:
इंडक्शन विसरा. तांब्याच्या कॉइलमधून वेगाने उलटसुलट होणारी वीज जाते आणि लोखंड स्वतःच तापतं, एकसारख्या हजार तुकड्यांना झकास, पण दमदार मशीनला बहुधा थ्री फेज लागतं आणि आकार बदलला की कॉइल बदला.

गॅसची भट्टी शहरात सोयीची: लोखंडी नळकांडं, आत सिरॅमिक वूल (उष्णता अडवणारा कापसासारखा थर), त्यावर भट्टीच्या सिमेंटचा लेप. लेप टाळू नका, वूलचे तंतू फुप्फुसात जातात. घरचा १४.२ किलोचा सिलेंडर याला वापरायचा नाही, १९ किलोचा कमर्शियल घ्या, त्याला हाय प्रेशर रेग्युलेटर आणि चांगला होज. भट्टी उघड्यावरच, विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. फायदा असा की ताप एकसारखा, टोक जळायची भीती कमी. तोटा असा की पट्टीचा मधलाच भाग तापवायचा तर ते कोळशावर सोपं. गॅल्वनाइज्ड काहीही भट्टीत टाकू नका, जस्ताचा धूर वाईट.

प्रतिसाद १:
एक राहिलं. उन्हात काम करत असाल तर रंग फसवतो, तुम्हाला काळं वाटतंय ते लाल झालेलं असू शकतं. सावलीत नारिंगी-पिवळं दिसलं की ठोका, लालसर उतरलं की परत भट्टीत. पाणी द्यायच्या वेळी (तापवून एकदम गार करून पोलाद कडक करताना) लोहचुंबक लावून बघा, साधारण ७७० अंशाला चिकटणं बंद होतं, त्याच्या थोडं वर न्यायचं. पण पाट्याचं पोलाद पाण्यात तडकू शकतं, कोमट तेलात बुडवा.

मूळ लेखक:
अरे देवा, म्हणून आजोबांची भट्टी छपराखाली अंधारात होती होय! आम्हाला वाटायचं उन्हाचा त्रास नको म्हणून. शनिवारी झडप लावतो, ताडपत्री बांधतो आणि लोणारी कोळसा आणतो. गॅसचं दिवाळीनंतर बघू. कोमट तेल म्हणजे कुठलं, गाडीचं जुनं ऑइल चालेल की शेंगदाण्याचं?