प्रति: तारीख नसलेल्या पानांचे इंडेक्सर काय करतो?

‘लास्ट-मॉडिफाइड हेडर (पान शेवटचे कधी बदलले हे सांगणारी, सर्व्हरने पानासोबत पाठवलेली ओळ) आला नाही, तर इंडेक्सर (शोधासाठी पाने उचलून त्यांची सूची करणारा प्रोग्राम) पान उचलल्याचा दिवस हीच त्याची तारीख मानतो’ हे या प्रश्नावरच्या आधीच्या उत्तरातले विधान अर्धेच बरोबर आहे. तो हेडर पाठवलाच पाहिजे असे सर्व्हरवर बंधन नाही, आणि पीएचपीसारख्या भाषेत मागणीनुसार तयार होणारी पाने तो बहुधा पाठवत नाहीत. अशा वेळी काय धरायचे, हे ज्या-त्या इंडेक्सरने ठरवायचे असते. गिरगावातल्या एका ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मी अंतर्गत शोध बसवला, तेव्हा आमच्या इंडेक्सरने रिकाम्या तारखेच्या जागी शून्य भरले आणि ताज्या व्याख्यानाच्या सूचनेपुढे ‘१ जानेवारी १९७०, सकाळी ५:३०’ असे झळकले. (संगणकातले युनिक्सचे घड्याळ १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिचमधल्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजते, म्हणून शून्य म्हणजे तो क्षण; वरचे साडेपाच तास आपले.)

मग इंडेक्सरच्या भेटीची तारीख धरून पाहिली, तर रात्रीच्या फेरीनंतर रोज सकाळी सगळे संकेतस्थळच नवेकोरे दिसू लागले. शेवटी मजकुराचा चेकसम (मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा आकडा) साठवून, तो बदलला तरच तारीख पुढे सरकवायची असे केले. तरीही प्रत्येक पान रोज ‘बदलत’ होते, कारण तळाशी भेट देणाऱ्यांचा आकडा होता! तो भाग वगळल्यावरच तारखा स्थिरावल्या. साइटमॅपमध्ये (शोधयंत्रांसाठी ठेवलेल्या पानांच्या यादीत) लास्टमॉड, म्हणजे पान शेवटचे बदलल्याची तारीख, भरण्याचा त्याच उत्तरातला सल्ला योग्यच आहे, मात्र ते मूल्य पडताळणीत सातत्याने खरे ठरले तरच गूगल ते विचारात घेते.