मदत हवी आहे : बारावी पुन्हा जुलैत की फेब्रुवारीत?

मुलगी बारावी सायन्स पास झाली, पण फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून ३०० पैकी १२८. इंजिनिअरिंगला खुल्या गटासाठी ४५ टक्के, म्हणजे १३५ लागतात. सात गुणांनी अडलंय. सीईटीचा स्कोअर चांगला आहे, त्यामुळे जास्तच जिव्हारी लागलंय. दोन दिवस नीट जेवली नाही पोर.

श्रेणीसुधारला, म्हणजे पास झाल्यावर गुण वाढवायला पुन्हा परीक्षा देताना, सगळेच विषय पुन्हा द्यावे लागतात. जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसवावं, की वर्षभर तयारी करून फेब्रुवारीत? आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. या भागात फक्त रिपीटर्सची वेगळी बॅच घेणारे क्लासेस कुणाला माहीत आहेत का? की सदाशिव पेठेतली अभ्यासिका आणि घरगुती शिकवणी पुरेल? ज्यांच्या मुलांनी जुलैत परीक्षा दिली, त्यांना त्याच वर्षी प्रवेश मिळाला का? कृपया स्वानुभव सांगा.