मदत हवी आहे : बोगस पनीरची तक्रार कुठे करायची?

नीलिमा_के
रविवारी भावाच्या साखरपुड्याला ८ किलो पनीर आणलं. तव्यावर टाकलं तर तुकडे रबरासारखे ताणले गेले, कडेनं तेल सुटलं, खाताना टाळूला मेणचट थर. रात्री बाबांना उलट्या. डेअरीवाला म्हणतो, "ताई, मशीनचं पनीर असंच असतं." याला सोडायचं नाही. कुठे जाऊ? लवकर सांगा.

सदू_नाशिककर
गाव कुठलं? पाकीटबंद की सुटं? बिल? पनीर उरलंय का? बाबा आता कसे आहेत?

रानवारा
टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळं झालं की भेसळ. आम्ही नेहमी असंच बघतो.

दूधवाला_पोर
अर्धवट सांगू नका हो. आयोडीननं फक्त स्टार्च कळतो. पामतेल घातलेलं पनीर निळं होत नाही, आणि लोक निर्धास्त खातात. पनीरच्या कोरड्या भागात निम्मं तरी दुधाचं फॅट लागतं, ते प्रयोगशाळेतच कळतं.

माईसाहेब
घरीच करा. म्हशीचं दूध, लिंबू, जड वरवंटा. लिटरला पावशेरापर्यंत निघतं.

नीलिमा_के
माई, ८ किलोला ३०-४० लिटर दूध लागेल. मी कृती विचारलेली नाही. नाशिक. सुटं. बिल नाही, वहीतल्या कागदावर आकडा. अर्धा किलो फ्रीजरमध्ये आहे. बाबा बरे आहेत.

दूधवाला_पोर
बिल नाही?! पहिल्यांदा सांगायचं ना.

वकील_काका
फ्रीजरमधला तुकडा खटल्यात टिकणार नाही. अन्न सुरक्षा अधिकारी दुकानातून स्वतः नमुना घेतो, चार भाग सील करतो, विश्लेषकाचा अहवाल १४ दिवसांत यायला हवा. म्हणून आज तक्रार करा, माल संपायच्या आत. अन्न व औषध प्रशासनाचा (एफडीए) टोल फ्री १८००-२२२-३६५. बाबांचे डॉक्टरी कागद जपा.
एक लक्षात घ्या. वनस्पती तेलाचं ॲनालॉग, म्हणजे पनीरसारखा दिसणारा पर्याय, विकणं गुन्हा नाही, ते पनीर म्हणून विकणं गुन्हा आहे. खोट्या लेबलला ३ लाखांपर्यंत दंड, कमी दर्जाला ५ लाखांपर्यंत. कलम ४० खाली ग्राहकालाही फी भरून तपासून घेता येतं, पण तसं विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं.

रानवारा
सांगितलं तर तो चांगलंच पनीर देईल की!

वकील_काका
म्हणून तर अधिकाऱ्याकडे जा म्हणतोय.

तुषार७७
मार्च २०२५ मध्ये आमदार विक्रम पाचपुते यांनी विधानसभेत कृत्रिम पनीर नेऊन दाखवलं होतं. तरी हे चालूच. पिझ्झ्यावरच्या चीजचंही बघा कोणीतरी.

सदू_नाशिककर
पिझ्झ्याचा वेगळा धागा काढा. नीलिमाताई, दुकानात १४ आकडी परवाना क्रमांक लावलेला असतो, तो टिपून घ्या. तक्रारीत लागेल.

नीलिमा_के
आत्ताच जाऊन आले. काउंटरमागे परवाना आहे, पण काच इतकी तेलकट की शेवटचे तीन आकडे दिसले नाहीत. फोन करून तक्रार नोंदवली, नोंद क्रमांक मिळालाय. सकाळी भाऊ ते आकडे बघायला जातोय.