विणीच्या घोडीखाली काय अंथरावं: भाताचा पेंढा की लाकडाचा भुसा?

पागा-पुणे
घोडीचे दिवस ३४० च्या आसपास भरतात. विण्याआधी निदान चार आठवडे तिला विणीच्या ठाणात आणायचं, म्हणजे तिथल्या जंतूंविरुद्धची ताकद चिकात उतरते, हे बहुतेकांना पाठ असतं. पण खाली मात्र तोच वखारीचा भुसा राहतो. वर्षभर खुशाल वापरा, विणीला नको. शिंगरू ओलंचिंब पडतं. भुसा त्याच्या नाकपुड्यांना आणि नाळेच्या ओल्या टोकाला कणकेसारखा चिकटतो, लोंबणाऱ्या जारालाही (वारेलाही) चिकटतो. ओल्या भुशात क्लेब्सिएलासारखे जंतू पोसतात. नाळेतून ते रक्तात गेले की सांधे सुजतात आणि शिंगरू हाताचं जातं.

लांब पेंढाच घाला. १४ बाय १४ फुटांच्या ठाणाला साधारण शंभर-सव्वाशे किलो. पेंढ्या सोडून, झटकून, फूटभर थर करा. त्यावर गुडघा जोरात टेकवून बघा: फरशी लागली तर आणखी घाला.

लगाम
पेंढा म्हणजे स्वच्छ, हे तुम्ही गृहीतच धरलंय. मावळ-मुळशीकडे कापणीत अवकाळी पाऊस झाला की गंजी वरून सोनेरी दिसते, पण आत हात घातला की गरम लागते आणि राखाडी धूळ उडते. ती बुरशी. असा पेंढा कोंडलेल्या ठाणात झटकला की घोडी खोकते.

दुसरं, घोडी पेंढा खाते. दिवस भरलेल्या घोडीच्या पोटात आधीच जागा कमी, त्यात कोरडा पेंढा साचून आतडं तुंबतं. तिसरं, पेंढा मूत्र धरत नाही, ते खाली साचतं. शिंगरू दिवसाचा बराच वेळ पडून असतं, नाक जमिनीपासून चार बोटांवर. तुम्हाला उभ्यानं जो वास येत नाही, तो त्याच्या छातीत जातो. माझं मत रंध्याच्या जाड सालपटांना. ती पिठासारखी चिकटत नाहीत.

पागा-पुणे
सालपटं बारीक भुशापेक्षा बरी, हे मान्य. पण फर्निचरच्या कारखान्यातून आणणार असाल तर त्यात प्लायवूडचा चुरा, डिंक आणि खिळे असतात. पोत्यात लोहचुंबक फिरवा, कळेल. खाण्याचं म्हणाल, तर पोटभर सुका चारा पुढ्यात असलेली घोडी अंथरूण फारसं खात नाही. अंथरूण संपतंय असं दिसलं तर चारा कमी पडतोय.

देशावरचा
गव्हाचं काड घ्या की. भातापेक्षा कडक, घोडी कमी खाते.

लगाम
मिळालं तर उत्तमच. पण मळणीयंत्रातून गव्हाचं भुस्कटच बाहेर येतं, लांब काड कुठून आणणार? आणि कुणी तूस (भाताचं टरफल) सुचवायच्या आधीच सांगतो: तूस टोचतं, उडतं, नाकात जातं. उसाच्या पाचटाला करवतीसारखी धार असते. दोन्ही विणीच्या ठाणात नकोत.

नालबंद
मध्यम मार्ग आहे. खाली चार इंच सालपटं, वर आठ इंच पेंढा. मूत्र खाली जिरतं, शिंगरू कोरड्यावर.

पागा-पुणे
नालबंददादा, कळा लागेपर्यंतच ते खरं. पहिल्या कळांत घोडी पुढच्या पायानं उकरते, बसते, लोळते, परत उठते. अर्ध्या तासात तुमचे दोन थर एक होतात आणि ओली सालपटं नेमकी वर येतात. त्यापेक्षा फरशीला नालीकडे उतार ठेवा, ओला पेंढा रोज दोनदा उचला. सडांच्या टोकाला मेणासारखा सुकलेला चीक दिसला, म्हणजे विणं जवळ आलं, की पूर्ण ठाण नव्यानं भरा. रबरी मॅटवर नुसता पातळ थर नको, गर्भजल सांडलं की ती निसरडी होते आणि शिंगराचे मागचे पाय फाकतात.

लगाम
उताराचं पटलं. मग दोन अटी घाला. पेंढा झटकायचा तो बाहेर अंगणात. आणि व्यायल्यावर ओलं अंथरूण लगेच काढायचं नाही. जार तीन तासांत पडायला हवा. तोवर फावडं घेऊन कुणी आत गेलं की घोडी बिथरते, नाळ अवेळी ताणून तुटते, चीक पिणं लांबतं. ओल्या जागेवर कोरडा पेंढा टाकायचा, बाकीचं नंतर.

पागा-पुणे
दोन्ही अटी मान्य. जार पडला, शिंगरू दोन तासांत प्यायलं, की मग सगळं काढून फरशी धुवा, पूर्ण सुकवा, ताजा पेंढा भरा. नाळेला अर्धा टक्का क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक, पहिल्या दिवशी तीन-चार वेळा. ७ टक्क्यांचं आयोडीन नको, कातडी भाजते.

नालबंद
आणि परत सालपटांवर कधी न्यायचं? तिसऱ्या दिवशी चालेल?

लगाम
दिवस मोजू नका, नाळ बघा. टोक वाळून कडक झालं, बोटाला ओल किंवा ऊब लागत नाही, तर न्या. ओलसर असेल तर आठवा दिवस असला तरी पेंढ्यावरच ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.