मदत हवी आहे: चार बचत गटांचं एकच बिल कसं करायचं?

आम्ही चार बचत गटांतल्या 34 जणी कापडी पिशव्या शिवतो, पण प्रत्येक गट आपापलं विकतो. मध्यंतरी मोठी ऑर्डर आली आणि घेणाऱ्याला बिल एकच हवं होतं. एका गटाच्या खात्यावर पैसे घेतले, तर सगळ्यांची उलाढाल त्यांच्याच नावावर दिसायला लागली, बाकीच्या जणींच्या मनात किंतु आला. थोडा मालही परत आला, कुणाचा पट्टा दोन बोटं आखूड. त्यासाठी पुठ्ठ्याचा एकच साचा केलाय, तो प्रश्न मिटला.

आता चारही गटांची मिळून एक नोंदणी करायचीच आहे. गट मोडायचे नाहीत, कर्जं त्यांच्या नावावर आहेत. हिशोब जमणाऱ्या दोघीच. उत्पादक कंपनीला (म्हणजे माल बनवणाऱ्यांनीच मिळून काढलेली, त्यांच्याच मालकीची कंपनी) 10 उत्पादक पुरतात आणि कुटीरोद्योगही चालतो, हे वाचलंय. दिलेल्या मालाच्या प्रमाणात बोनस वाटता येतो, ही गोष्ट तर मला फार पटली, जिने जास्त शिवलं तिला जास्त. पण किमान 5 संचालक, दरवर्षी ऑडिट, विवरणपत्रं, याचं दडपण येतं.

प्रत्यक्ष चालवणाऱ्यांनी सांगा: एवढ्याशा कामाला उत्पादक कंपनीचा वर्षाचा खर्च झेपतो का, की सहकारी संस्थाच बरी?